संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग

एसटीच्या लाल गाडीतून लहानपणी ज्यांनी प्रवास केलाय, त्यांना ही चार शब्दांची पाटी पाठ असते. मी अक्षरं लावायला शिकत होते तेव्हा आईच्या मांडीवर बसून ती पाटी वाचायचे. 'मार्गा'तल्या रफारावर दरवेळी अडायचे. संकट म्हणजे काय आणि त्या वेळी बाहेर का पडायचं, हे तेव्हा कळत नव्हतं. पण गाडीत शिरायला एक दार असतं तसं जीव वाचवायला दुसरं असतं, एवढं त्या पाटीने मनात पक्कं बसवलं.

मागच्या उन्हाळ्यात आईला घेऊन लातूरला निघाले होते. सायनहून रात्री सुटणारी खासगी स्लीपर बस. थंडगार एसी, निळा दिवा, प्रत्येक बर्थला जाड पडदा. आई सत्तरीची, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून खालचा बर्थ घेतला होता. तिला आडवं केलं, पायाखाली चादरीची घडी दिली आणि सवयीने आजूबाजूला पाहिलं. आमच्या बर्थपलीकडच्या काचेवर लाल स्टिकर होता: आपत्कालीन खिडकी, काच फोडण्यासाठी हातोडी वापरा. शेजारी हातोडी अडकवायचा प्लास्टिकचा साचा होता. हातोडी नव्हती.

“दादा, इथली हातोडी कुठाय?” मी क्लीनरला विचारलं.

“कसली हातोडी, ताई?”

“काच फोडायची. इथे लिहिलंय ना.”

“ती होय. केबिनमध्ये ठेवलीय. लोक घेऊन जातात हो, किती वेळा नवीन आणायची? तुम्ही झोपा निवांत. काय होत नाही.”

पोरगा विशीतला होता, नम्र होता, आईची बॅग त्यानेच वर ठेवून दिली होती. त्याच्यावर माझा राग नाही. पण मी त्या रात्री झोपले नाही. केबिनचं दार आमच्यापासून चौदा-पंधरा पावलांवर, मधली वाट एकाच माणसाला जाता येईल इतकी अरुंद, दोन्ही बाजूंना लोंबणारे पडदे. धूर झाला, गाडी आडवी झाली, तर माझी आई ती हातोडी आणायला कशी जाणार होती?

या लेखात मला एकच गोष्ट मांडायची आहे. वाहन सुरक्षित आहे की नाही, हे त्यात बसलेल्या सगळ्यात अशक्त माणसाला त्यातून बाहेर पडता येतं का, यावर ठरवलं पाहिजे. त्यासाठी प्रत्येक वाहनात त्या माणसाच्या हाताला लागेल, त्याच्या ताकदीने उघडेल किंवा फुटेल अशी किमान एक काच हवी, आणि ती कुठली हे त्याला अंधारातही कळायला हवं. आज आपल्या मोटारी, बस आणि रेल्वेगाड्या या कसोटीला उतरत नाहीत, आणि कुणी ती लावतही नाही.

काचेबद्दल आपल्याला फार कमी माहिती असते. मलाही नव्हती. आमच्या गाडीच्या मागच्या दाराची काच कुणीतरी फोडली, ती बदलायला मी कालिन्याच्या बाजूला सीएसटी रोडवर गेले होते. तिथल्या एका दुकानदाराने माझे प्रश्न ऐकून भंगारातली दाराची एक काच भिंतीला टेकवून ठेवली, माझ्या हातात पाना दिला आणि म्हणाला, “मारा, ताई.” मी पान्याच्या चपट्या बाजूने काचेच्या मधोमध मारला. पाना टणकन परत आला, मनगटात झिणझिण्या आल्या, काचेवर ओरखडाही नाही. मग त्याने फुटलेल्या स्पार्क प्लगचा पांढरा तुकडा घेतला, शेंगदाण्याएवढा, आणि चार हातांवरून काचेवर नुसता भिरकावला. टक् असा बारीक आवाज झाला आणि अख्खी काच खडीसाखर सांडावी तशी खाली आली.

ही 'टफन' काच. भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवून तिच्या दोन्ही बाजूंवर जोराचा गार वारा सोडतात. पृष्ठभाग आधी निवतो, पोट नंतर आकसतं, म्हणून बाहेरचा थर कायमचा दाबात राहतो आणि आतला ताणात. बोथट मार ती सहन करते. पण एखाद्या टोकदार, कठीण वस्तूने तो वरचा थर भेदला की आतला ताण मोकळा होतो आणि पूर्ण काच एका क्षणात दाणेदार होते. म्हणून ताकद लागत नाही, टोक लागतं. मारायचं तेही कोपऱ्याजवळ, कारण मधोमध काच लवते आणि मार पचवते.

नंतर त्याने एक जुनी विंडशील्ड दाखवली. तिच्यावर हातोड्याने पाच-सहा घाव घातले. कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पसरत गेल्या, पण काच पडली नाही. भिजलेल्या गोधडीसारखी लोंबत राहिली. ती लॅमिनेटेड: दोन काचा आणि त्यांच्या मध्ये प्लास्टिकचा चिवट थर. आपल्याकडे पुढची काच अशीच असावी लागते, आणि ते योग्यच आहे. दगड आला तरी तो आत येत नाही, धडक झाली तरी माणूस सहसा बाहेर फेकला जात नाही. पण तिच्यातून बाहेर पडायचं म्हटलं तर एकट्या माणसाला ते जवळजवळ अशक्य.

दुकानदाराने शेवटी काचेच्या कोपऱ्यातला बारीक छाप दाखवला. काच कोणत्या जातीची हे तिथे लिहिलेलं असतं, इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात. मी ही गाडी सात वर्षं चालवतेय. तो छाप मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचला.

मुंबईत ही माहिती जीवनमरणाची आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी कितीतरी माणसं वाहून गेली, दरडीखाली गेली, आणि काही आपल्याच गाडीत, काचा वर केलेल्या अवस्थेत गुदमरून गेली. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात सायनच्या बाजूला एक तरुण त्याच्या बंद गाडीत मृतावस्थेत सापडला. जुलै 2019 च्या सुरुवातीला मालाडच्या सबवेत पाणी भरलं आणि एका एसयूव्हीतली दोन माणसं आतच गेली. समुद्रात किंवा नदीत पडलेल्या या गाड्या नव्हत्या. ज्या रस्त्याने आपण रोज दूध आणायला जातो, त्या रस्त्यावर हे घडलं.

का घडतं? गाडीचं दार सुमारे एक मीटर रुंद धरा. बाहेर पाणी दाराच्या तळापासून अर्धा मीटर चढलं आणि आत अजून शिरलेलं नसेल, तर त्या दारावर बाहेरून सव्वाशे किलोच्या आसपास दाब असतो. पाणी काचेच्या कडेला, नव्वद सेंटीमीटरला आलं की तोच दाब चारशे किलोंवर जातो. माझ्या आईचं सोडा, पैलवानालाही ते दार ढकलता येणार नाही. आणि पाणी वायरिंगमध्ये गेलं की पॉवर विंडो आणि सेंट्रल लॉक यांचा भरवसा संपतो. काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीत काच खाली करायला हँडल होतं, फिरवताना खांदा दुखायचा, पण त्याला बॅटरी लागत नव्हती. ती टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली आणि बहुतेक गाड्यांमधून ते हँडलही गेलं.

कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी गाड्या प्रत्यक्ष पाण्यात सोडून या विषयावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. त्यांचं सांगणं असं, की पाण्यात पडलेली गाडी साधारण अर्धं ते दोन मिनिटं तरंगते आणि करायचं ते तेवढ्यातच: पट्टा सोडा, काच खाली करा, आधी मुलांना बाहेर काढा, मग स्वतः निघा. फोन लावत बसू नका. आपण मुंबईत नेमकं उलट करतो. पाऊस आत येतो म्हणून काचा वर, काचांवर धुकं धरतं म्हणून एसी चालू, घरी फोन, आणि पाणी ओसरायची वाट बघणं. सायलेन्सर पाण्याखाली गेलेला आणि इंजिन चालू अशा बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड शिरू शकतो, आणि त्याला वास नसतो. म्हणून पाणी चाकाच्या मध्यावर आलं की काच खाली घ्यायची, सीट भिजली तर भिजू द्यायची. सीट वाळते.

याच विषयावर एक संदेश दर पावसाळ्यात मोबाईलवर फिरतो: सीटचा हेडरेस्ट उपसा आणि त्याच्या दांड्यांनी काच फोडा, तो त्यासाठीच बनवलेला असतो. तो त्यासाठी बनवलेला नसतो. दांडी काच आणि रबराच्या फटीत रुतवून पहारीसारखी दाबली तर टफन काच फुटू शकते, हे खरं. पण आता अनेक गाड्यांमध्ये हेडरेस्ट सीटलाच जोडलेला असतो, उपसता येतच नाही. आणि लॅमिनेटेड काचेपुढे तो काहीच करू शकत नाही.

इथे गोष्ट आणखी अवघड होते. बाजूच्या दारांनाही लॅमिनेटेड काच बसवलेल्या गाड्या वाढत आहेत. आत आवाज कमी येतो, चोराला काच फोडणं जड जातं, गाडी उलटली तर माणूस खिडकीतून बाहेर फेकला जात नाही. अमेरिकेत हा शेवटचा मुद्दा धरून नियम झाले आणि अशा काचा पसरल्या. 2019 मध्ये तिथल्या अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने काच फोडायची सहा साधनं तपासली. सहापैकी चारांनी टफन काच फोडली. लॅमिनेटेड काचेतून एकही पार गेलं नाही. म्हणजे डॅशबोर्डच्या कप्प्यात हातोडी ठेवून मी निर्धास्त झाले आणि माझ्या दाराची काच लॅमिनेटेड निघाली, तर पाण्यात माझे मोलाचे क्षण नको त्या काचेवर जातील.

लॅमिनेटेड काच बंद करा, असं मी म्हणत नाही. पट्टा न लावलेला माणूस खिडकीतून बाहेर फेकला जाऊन मरतो, तोही मृत्यूच आहे, आणि आपल्याकडे मागच्या सीटवर पट्टा लावणारे अजून थोडेच. त्या काचेने जीव वाचतात. पण ती बसवणाऱ्याने गाडीत एक तरी काच टफन ठेवावी आणि ती कुठली हे आतून वाचता येईल अशा ठळक अक्षरांत, मराठीत, तिच्यावर लिहावं. गाडी विकताना धोक्याचा त्रिकोण देतात, प्रथमोपचाराची पेटी देतात. काच फोडायचा स्प्रिंगचा पंच, म्हणजे दाबताच टोक झटक्याने काचेवर आदळवणारा, आणि पट्टा कापायचं पातं असलेलं साधन मुठीत मावतं, गाडीच्या किमतीपुढे त्याचा खर्च नगण्य आहे. ते डिकीत नव्हे, चालकाच्या हाताशी पक्कं बसवलेलं असावं. स्प्रिंगचं अशासाठी, की पाण्याखाली हातोडीला झोक घेता येत नाही.

काचेबद्दल आपला कायदा गप्प आहे असं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला शंभरावा नियम सांगतो की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. 27 एप्रिल 2012 ला सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी घातली, आणि त्यानंतर नाक्यानाक्यावर पोलीस काचांवरून फिल्म सोलताना आपण पाहिले. गाडीच्या आत काय चाललंय हे बाहेरच्याला दिसावं, यासाठी इतकी यंत्रणा हलली. 1 जुलै 2019 पासून प्रवासी टॅक्सींमध्ये चाइल्ड लॉकला मनाई झाली, कारण आत अडकवलेल्या बाईला दार उघडता आलं पाहिजे. तो निर्णय मला फार मोलाचा वाटतो. आतल्या माणसाला स्वतःहून बाहेर पडता येणं हा त्याचा हक्क आहे, हे सरकारने तिथे मान्य केलं. तोच हक्क आग आणि पाणी लागल्यावरही असायला हवा.

बसची गोष्ट मोटारीपेक्षा भयंकर आहे, कारण तिथे माणसं जास्त आणि दार एकच. 30 ऑक्टोबर 2013 ला बंगळूरहून हैदराबादला जाणारी एसी बस पालेमजवळ जळाली, 45 माणसं गेली. दोनच आठवड्यांनी बंगळूरहून आपल्या मुंबईकडे येणारी बस हावेरीजवळ पेटली, सात गेली. 8 ऑक्टोबर 2022 ला यवतमाळहून मुंबईला येणारी बस पहाटे नाशिकमध्ये ट्रकला धडकून पेटली, बारा गेली. आणि 1 जुलै 2023 च्या मध्यरात्री समृद्धी महामार्गावर, सिंदखेडराजाजवळ, नागपूरहून पुण्याला जाणारी बस डाव्या अंगावर पडली. दार डावीकडे. म्हणजे दार जमिनीखाली. पंचवीस माणसं होरपळली. जे मोजके वाचले त्यांच्यातले काही काच फोडून बाहेर आले. या एकाच अपघातात सगळं आहे: दार निकामी झालं की काच हाच मार्ग उरतो, आणि तो ज्याला सापडला तो जगला.

यानंतर चर्चा झाली ती वेगाची, चालकाच्या झोपेची, टायरची. ती व्हायलाच हवी होती. पण गाडी पडल्यानंतरच्या त्या दोन-तीन मिनिटांबद्दल फारच कमी बोललं गेलं, आणि माणसं त्या मिनिटांत मेली.

बसमालक म्हणतात, हातोड्या चोरीला जातात. जातात, मान्य. पण रेल्वेच्या डब्यात साखळी असते. तिचा गैरवापर रोज होतो, गाड्या उशिरा धावतात, कायद्यात त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. तरी गैरवापर होतो म्हणून साखळी गार्डच्या डब्यात नेऊन ठेवावी, असं रेल्वेला कधी वाटलं नाही. ती प्रत्येक डब्यात, प्रवाशाच्या हाताशीच आहे. हातोडी तारेने बांधता येते, पातळ काचेच्या डबीत ठेवता येते, काढली तर चालकाला घंटा वाजेल अशी जोडता येते. रेल्वेच्या नव्या एसी डब्यांत तर लाल मूठ ओढून काच ढकलायची आपत्कालीन खिडकीही असते. उपाय आहेत. ते बसवायला कुणी भाग पाडत नाही, एवढंच.

बंद डब्यांचं प्रमाण या शहरात वाढत जाणार आहे. बेस्टच्या नव्या बस एसी, काचा पक्क्या बसवलेल्या. जुन्या लाल बसची सरकती काच पावसात गळायची, पण सरकायची. डिसेंबर 2017 मध्ये पहिली एसी लोकल आली. जून 2025 मध्ये मुंब्र्याला दारात लटकलेली माणसं पडून मेली, त्यानंतर साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारं बसवायचं ठरलं. ते करताना दारात हवेच्या झडपा आणि छतावरून वारा घेण्याची सोय करायचंही ठरवलं गेलं. त्या गर्दीत श्वासाचा विचार कुणीतरी केला, हे मनापासून बरं वाटलं. कारण दोनच महिन्यांनी, 19 ऑगस्टला, काय घडलं ते आपण पाहिलं. मोनोरेल म्हैसूर कॉलनीजवळ खांबांवर अडकली. गाडीची क्षमता 104 टनांची, भार 109 टनांच्या घरात. वीज गेली, एसी गेला, पाचशेहून जास्त माणसं त्या काचांच्या आत, बाहेर कोसळता पाऊस. लोकांचा जीव घाबरा झाला, काहींनी काचा फोडायचा प्रयत्न केला, आणि शेवटी अग्निशमन दलाने शिड्या लावून एकेकाला उतरवलं. तिथे काच फोडून उडी मारणंही मृत्यूच होता. त्यांना वाट नको होती, हवा हवी होती. वीज नसतानाही हाताने उघडता येणारी एखादी झडप पुरली असती.

आणि शाळेच्या बस. खिडक्यांना आडव्या पट्ट्या असतात, मुलांनी डोकं बाहेर काढू नये म्हणून. आई म्हणून मला त्या पट्ट्या हव्यातच. पण तीस मुलांची बस पाण्यात किंवा धुरात अडकली, तर त्या पट्ट्या आतून सोडवता येतात का, संकटकालीन दाराची कडी सहा वर्षांच्या मुलाला फिरवता येते का, हे पालकसभेत मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की अटेंडंट असतात. अटेंडंट एक असते, आणि तीही बेशुद्ध पडू शकते. वर्षातून एकदा मुलांना त्या दारातून उतरवून दाखवायला अर्धा तास लागेल. मुलांना तो खेळच वाटेल आणि कायमचं लक्षात राहील, जसा मला रफार लक्षात राहिला.

आरटीओत बसचा फिटनेस होतो तेव्हा ब्रेक बघतात, दिवे बघतात, धूर मोजतात. माझी मागणी त्यात एका चाचणीची भर घालण्याची आहे. तपासणीच्या अधिकाऱ्याने बसचे सगळे पडदे ओढावेत, दिवे मालवावेत, बसमध्ये कधीही न बसलेल्या एका सत्तर वर्षांच्या बाईला बसच्या मध्यावरच्या बर्थवर झोपवावं आणि सांगावं, की आजी, हातोडी शोधा आणि आपत्कालीन खिडकीला हात लावून दाखवा. तिला ते एका मिनिटात जमलं नाही तर त्या बसला रस्त्यावर सोडू नये. या चाचणीसाठी माझी आई यायला तयार आहे. मी तिला विचारलं आहे.